निवांत रस्त्यावरची दुचाकी : एका आनंदाचे शरीरशास्त्र

आपल्या व्यवसायबंधूंच्या छंदांची यादी करावयास बसले, तर गायन, वाचन, बागकाम, गिर्यारोहण ही नावे सहज पुढे येतात. मोटारसायकल चालविणे हाही आपला छंद आहे, असे सांगताना मात्र भलेभले संकोचतात. हा संकोच अकारण नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने शिकत असताना अपघात विभागात रात्री काढलेल्या आहेत आणि दुचाकीवरून पडलेला माणूस कसा दिसतो हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शंभरांतील चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवरील होती. हे आकडे ठाऊक असलेल्या डॉक्टराने दुचाकीच्या आनंदाविषयी लिहावे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच ठरेल.

परंतु तो आनंदही खरा आहे. रविवारी पहाटे गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर तासभर दुचाकी चालवून परतलेला माणूस आठवडाभराचा शीण उतरल्यासारखा दिसतो. त्याला कारण विचारावे, तर त्याला ते नेमके सांगता येत नाही. बहुतेक जण ‘वेगाची मजा’ असे म्हणून मोकळे होतात. हे उत्तर मला चुकीचे वाटते आणि त्याचे परिणाम घातकही होतात. हा आनंद नक्की कशाचा आहे, याचा शरीरशास्त्राच्या अंगाने शोध घेतला, तर तो तीन गोष्टींनी घडलेला दिसतो : शरीराचा तोल, मनाचे अवधान आणि मोकळी ज्ञानेंद्रिये. या तिन्हींना मोठा वेग लागत नाही; उलट एका मर्यादेपलीकडे वेग त्यांचा ऱ्हासच करतो. एवढाच मुद्दा या लेखात क्रमाने मांडावयाचा आहे.

तोल

आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी दोन प्रकारची यंत्रणा आहे. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, तर दोन लहानशा पिशव्यांतील चुन्याचे सूक्ष्म कण, ज्यांना ऑटोलिथ म्हणतात, ते गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि सरळ रेषेतील वेगबदल सांगतात. हे कण केशपेशींवर रेलून बसलेले असतात. त्यांना एक गोष्ट मात्र कळत नाही. गुरुत्वाकर्षण कोणते आणि वळणावर जाणवणारे अपकेंद्री बल कोणते, हा भेद त्यांना करता येत नाही. दोहोंची मिळून जी एक दिशा होते, तीच त्यांच्या लेखी ‘खाली’ ठरते.

आता मोटारीत बसून घाटाचे वळण घेऊ. मोटार जवळजवळ सरळ उभी राहते आणि आपण बाहेरच्या बाजूला लोटले जातो. ऑटोलिथ सांगतात की शरीर कलले आहे, तर डोळ्यांना मोटारीचे आतले छत सरळ दिसते. या विसंवादातूनच गाडी लागते. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात मागच्या आसनावर बसून उलट्या करणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. दोन वर्षांखालील बाळांना हा त्रास क्वचितच होतो, साधारणतः सहा ते बारा या वयात तो सर्वाधिक असतो आणि पुढे ओसरतो. चालकाला मात्र गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण कोणते हे त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असते.

दुचाकीवर याहून वेगळे घडते. वळण घेताना यंत्र आणि माणूस दोघेही आतल्या बाजूला कलतात आणि तेही असे कलतात, की गुरुत्वाकर्षण व अपकेंद्री बल यांची एकत्रित दिशा थेट पाठीच्या कण्यातून आसनाकडे जाते. बाजूला ढकलले जाण्याची जाणीव उरतच नाही. क्षितिज तिरपे झालेले डोळ्यांना दिसते, परंतु शरीर म्हणते की आपण सरळच आहोत. घारीला हवेत वळताना जे वाटत असेल, त्याच्या जवळचा अनुभव जमिनीवर मिळवावयाचा तर तो येथेच.

यासाठी किती कलावे लागते, याचे गणित शाळेतील आहे. पन्नास मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० कि. मी. वेगाने घेतले, तर सुमारे १४ अंश कलावे लागते. हा कल शरीराला स्पष्टपणे जाणवतो आणि सुखावतो. तेच वळण ताशी ६० ने घेतले, तर सुमारे ३० अंश कलावे लागते. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगल्या टायरला हे जमते. परंतु वळणावर मूठभर खडी, ओली पाने किंवा ट्रॅक्टरने आणलेला शेतातील चिखल असेल, तर टायरची पकड सुटते. पहिल्या चौदा अंशांत तोलाचे सारे सुख हाती आलेले असते. पुढच्या सोळा अंशांत सुखाची भर थोडी आणि जोखमीची भर पुष्कळ, असा तो व्यवहार आहे.

तोलाबाबतची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. चालण्याच्या गतीहून अधिक वेग असताना दुचाकी उजवीकडे वळवावयाची, तर हँडलची उजवी मूठ किंचित पुढे दाबावी लागते. म्हणजे पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते, दुचाकी उजवीकडे कलते आणि मग उजवे वळण घेते. वर्षानुवर्षे दुचाकी चालविणाऱ्या अनेकांना आपण असे करतो हे ठाऊकच नसते. अनुमस्तिष्काने हे कौशल्य केव्हाच आत्मसात केलेले असते आणि वरच्या मेंदूला त्याची वर्दी दिलेली नसते. बाळाच्या पहिल्या पावलांमध्ये आपण बालरोगतज्ज्ञ जे शिकणे पाहतो, तेच हे शिकणे. चालू लागलेले मूल उगीचच घरभर फिरते, कारण तोल साधण्यातच त्याला आनंद असतो. दुचाकीवर प्रौढ माणसाला तो पुन्हा भेटतो.

अवधान

दुसरा घटक मनाचा आहे. आपल्या व्यवसायात दिवसभर लक्ष द्यावे लागते, पण ते तुकड्यातुकड्यांनी. एका रुग्णाची छाती तपासत असताना दूरध्वनी वाजतो, दारात औषध कंपनीचा प्रतिनिधी उभा असतो, मनात सकाळच्या बाळाची कावीळ घोळत असते. असे ओढून-ताणून दिलेले लक्ष थकते. रॅचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचा ऊहापोह केला आहे. झाडे, पाणी, ढग यांसारखी दृश्ये आपले लक्ष अलगद वेधून घेतात, त्यासाठी प्रयास पडत नाही आणि त्या अवधीत प्रयत्नपूर्वक लक्ष देण्याची शक्ती पुन्हा भरून येते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्याच्या जोडीला मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ पासून मांडलेली कल्पना घ्यावी. काम आपल्या कौशल्याला पुरून उरेल इतके अवघड नसावे आणि कंटाळा येईल इतके सोपेही नसावे. अशा बेताच्या कामात माणूस स्वतःला विसरून रमतो. निवांत रस्त्यावरील दुचाकी या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या करते. रस्ता पाहणे, गिअर बदलणे, वळणाचा अंदाज घेणे यात मन गुंतलेले राहते आणि कडेची शेते ते अलगद विसावू देतात. शहराच्या गर्दीत यातील दुसरी अट तुटते. महामार्गावर अवजड वाहनांच्या सोबतीत मन सतत धास्तावलेले राहते. म्हणून हा आनंद आडरस्त्याचाच आहे.

याविषयी प्रयोगही झाले आहेत. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी मोटारसायकल चालविताना लोकांच्या मेंदूचे विद्युत्-आलेख घेतले आणि संप्रेरके मोजली. त्यांचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे वीस मिनिटांच्या फेरीत नाडी आणि ॲड्रेनॅलिन वाढले, तर ताणाशी निगडित कॉर्टिसोलची निर्देशके घटली, असे त्यांना आढळले. मात्र या संशोधनाला अर्थसाहाय्य हार्ले-डेव्हिडसन कंपनीचे होते आणि तपासलेल्या व्यक्तींची संख्याही लहान होती. आपण औषध कंपनीच्या पुरस्कृत चाचणीकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने याही निष्कर्षाकडे पाहावे, हे योग्य. तरीही मोजमापाची दिशा अनुभवाशी जुळते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

अवधान हे आनंदाचे कारण आहे, हे एकदा मान्य केले की एक पथ्य ओघाने येते. ज्याच्यापाशी अवधान शिल्लक नाही, त्याने त्या दिवशी दुचाकी काढू नये. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी ढासळते. भारतीय कायद्याने वाहनचालकाला दिलेली मर्यादा १०० मि. लि. रक्तात ३० मि. ग्रॅ., म्हणजे ०.०३ टक्के आहे. रात्रपाळी किंवा रात्रभराची प्रसूती आटोपून ‘जरा मोकळी हवा खाऊन येतो’ म्हणणारा डॉक्टर, या हिशेबाने, कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. सर्दीसाठी घेतलेल्या जुन्या पिढीतील ॲलर्जीच्या गोळीबाबतही हेच म्हणता येईल.

मोकळी ज्ञानेंद्रिये

आपण बेळगावकर या बाबतीत भाग्यवान आहोत. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीवर वसले आहे. पश्चिमेला कोणताही रस्ता धरला, तरी तास-दीड तासात निसर्गाचे स्वरूप पालटते. बेळगावात वर्षाकाठी साधारण तेराशे मिलीमीटर पाऊस पडतो, तर आंबोलीत सात हजारांच्या आसपास. शिनोळी आणि पाटणे फाट्यावरून आंबोलीकडे जाताना हा पाचपटीचा फरक आपण अक्षरशः अंगावर घेतो. भात आणि उसाची शेते मागे पडतात, काजूच्या बागा लागतात, मग दाट झाडी येते आणि हवेतला ओलावा चेहऱ्याला कळतो. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आणि जांबोटीच्या पुढे कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, या दोन्ही नद्या अरबी समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला कृष्णेच्या खोऱ्यात जातात. नकाशावरील पाणलोटाची रेषा म्हणजे काय, हे दुचाकीवर चढ-उतार मोजीत गेल्यावर जितके उमगते, तितके भूगोलाच्या तासाला उमगले नव्हते.

जवळच जावयाचे, तर बेळगुंदीवरून राकसकोपच्या जलाशयाकडे जाणारा रस्ता आहे. आपल्या नळाला येणारे पाणी ज्या मार्कंडेय नदीवर अडविले आहे, ती तेथे भेटते. पहाटे या रस्त्याने जाताना लहानशा मोरीवर किंवा ओढ्याच्या उतारावर एकाएकी गार हवेचा झोत लागतो आणि चढ लागताच पुन्हा ऊब येते. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, थंड हवा जड असल्याने ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन खोलगट भागात साचते. आपण त्या अदृश्य तळ्यातून पार होत असतो. मोटारीच्या बंद काचांमागे हे तळे कधीच कळत नाही. तीच गोष्ट वासाची. माघातील काजूचा मोहोर, कापणीनंतरचे भाताचे पेंढे, पहिल्या पावसाने भिजलेली लाल माती, चुलीचा धूर. नाकाला रस्ता डोळ्यांइतकाच वाचता येतो.

येथे वेगाचा अडसर स्पष्ट होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० वरून ८० वर गेलो, की छातीवर येणारा वाऱ्याचा रेटा चौपट होतो. शिरस्त्राणाभोवती घोंघावणाऱ्या वाऱ्याचा आवाज तर त्याहून झपाट्याने चढतो. ताशी १०० च्या वेगाला शिरस्त्राणाच्या आत कानाशी ९० डेसिबेलहून अधिक आवाज असतो. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबेल ही मर्यादा मानली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान स्वारीनंतर कान का गुणगुणतात ते समजते. डोळ्यांचेही तसेच. वेग वाढला की नजर दूरच्या एका बिंदूवर खिळवावी लागते आणि कडेचे सारे पुसट होत जाते. थोडक्यात, ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगात इंजिनाच्या लयीवरूनही बुलबुलाची शीळ ऐकू येते. ऐंशीच्या वेगात रस्ता कितीही निवांत असला, तरी आपल्यापुरती शांतता संपलेली असते.

वेगाचा हिशेब

आता दुसरी बाजू पाहू. समोर एकाएकी अडथळा आला, तर तो दिसून ब्रेक दाबेपर्यंत सजग माणसाला सुमारे एक सेकंद लागतो. कोरडा रस्ता आणि उत्तम ब्रेक गृहीत धरले, तर ताशी ४० च्या वेगात दुचाकी एकूण सुमारे २१ मीटरांत थांबते, ६० च्या वेगात सुमारे ४० मीटरांत आणि ८० च्या वेगात ६० मीटरांहून अधिक अंतरावर. वेग दीडपट झाला की अंतर जवळजवळ दुप्पट होते. धडकेचा जोरही असाच वाढतो. ताशी ४० ने आदळणे हे सुमारे सहा मीटरांवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. ताशी ६० ने आदळणे हे चौदा मीटरांवरून, म्हणजे चौथ्या मजल्याच्याही वरून पडण्यासारखे आहे.

रस्ता रिकामा असेल, तर अडथळा येणार कोठून, असे वाटणे स्वाभाविक आहे. निवांत रस्त्याची फसवणूक येथेच असते. आपल्या भागात वळणापलीकडे रस्त्यावर मळणीसाठी धान्य पसरलेले असते, म्हशी उठून चालू लागतात, कुत्रे धावून येते, साखर कारखान्यांच्या हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली कडेला उभी असते आणि सायकल शिकणारी पोरे रस्ता आपलाच समजून फिरत असतात. तो त्यांचाच असतो. रहदारी नाही याचा अर्थ कोणीच नाही, असा होत नाही. तेथे कोणाला आपल्या येण्याची अपेक्षा नसते, इतकाच त्याचा अर्थ.

याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झाले आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून विख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स हे मोटारसायकलचे निस्सीम भक्त होते. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात, आपल्या घराजवळच्या शांत ग्रामीण रस्त्यावरून ते ब्रफ सुपीरिअर मोटारसायकलने जात होते. रस्त्याच्या खोलगट भागात सायकलवरील दोन मुले होती. त्यांना वाचविताना लॉरेन्स फेकले गेले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. सहा दिवसांनी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. या मृत्यूने ते अस्वस्थ झाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे निरोप पोहोचविणारे अनेक मोटारसायकलस्वार डोक्याच्या दुखापतीने मरत आहेत, हे पाहून त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला आणि तो १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. शिरस्त्राण घातलेले जखमी स्वार त्यांना अवघे सात आढळले आणि त्या सातांपैकी एकही दगावला नव्हता. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. नागरिकांसाठी तशी सक्ती व्हावयास मात्र १९७३ उजाडले. एका डॉक्टराने एका रुग्णाचा मृत्यू विसरण्याचे नाकारले, म्हणून पुढे असंख्य प्राण वाचले.

आज याविषयी संशयास जागा उरलेली नाही. २००८ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार शिरस्त्राणाने अपघातातील मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते. असे असूनही २०२२ मध्ये आपल्या देशात शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मरण पावले आणि त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. शिरस्त्राणाचे कार्य अगदी साधे आहे. कवचाच्या आत थर्मोकोलसारख्या पदार्थाचा काही सेंटिमीटरांचा थर असतो. आघात होताच तो चेपतो आणि डोके थांबण्याचे अंतर वाढते. हे अंतर दहापट झाले, की डोक्यावरील सरासरी बल दहाव्या हिश्श्यावर येते. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून एक मोठा आघात सोसलेले शिरस्त्राण बाहेरून नवेकोरे दिसले, तरी त्याचे आयुष्य संपलेले असते. पट्टा न लावलेले शिरस्त्राण पहिल्याच धक्क्याला निघून जाते. ते घातले काय आणि न घातले काय, सारखेच.

मागे बसलेले मूल

बालरोगतज्ज्ञाला हा विषय येथे आणून सोडतोच. मुलांना दुचाकीची फेरी फार आवडते आणि अनेक घरांत वाहन तेवढे एकच असते. ‘मुलांना बसवूच नका’ हा सल्ला सर्वांना पाळता येणारा नाही. तेव्हा निदान काय घडते ते समजून घ्यावे.

नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतके असते, प्रौढाचे सातव्या-आठव्या हिश्श्याइतके. लहान मुलाचा गुरुत्वमध्य त्यामुळे वर असतो आणि मान नाजूक असते. पडताना ते डोक्यावर पडते. पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसविलेले मूल अचानक ब्रेक लागताच हँडलवर आदळते आणि पाठीमागून मोठ्या माणसाचे वजन त्याच्यावर येते. आई-वडिलांच्या मध्ये झोपी गेलेल्या मुलाची पकड सुटते. मागे बसलेल्या मुलाचे पाय पायदानापर्यंत पोहोचत नसतील, तर टाच चाकाच्या आऱ्यांत जाते. ही इजा आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना नित्याची आहे. आईची मोकळी ओढणी चाकात गुंतून गळ्याला फास बसल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविलेल्या आहेत.

कायदा आता याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला शिरस्त्राण आवश्यक आहे. २०२२ मध्ये अधिसूचित होऊन १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आणि त्याच्या मापाचे शिरस्त्राण हवे आणि अशा वेळी वेग ताशी ४० कि. मी.हून अधिक नसावा. वर ज्या वेगात हा आनंद सर्वाधिक मिळतो असे म्हटले, तोच हा वेग आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. शिरस्त्राण मुलाच्या मापाचेच हवे. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटे मावावीत, अधिक नाही. आणि शिरस्त्राण हलविले, तर कपाळाची त्वचा त्याच्याबरोबर हलावी. मोठ्यांचे शिरस्त्राण मुलाच्या डोक्यावर ठेवल्याने केवळ पोलिसाचे समाधान होते.

रॉबर्ट पिर्सिग यांचे मोटारसायकल प्रवासावरील १९७४ चे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. आडरस्त्यांनी केलेल्या त्या प्रवासात त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा मागे बसलेला होता. पिता साऱ्या क्षितिजाचे वर्णन करीत जातो आणि शेवटी वाचकाला कळते, की मागे बसलेल्या मुलाला वाटभर बापाच्या पाठीखेरीज फारसे काही दिसतच नव्हते. आपल्या आनंदात मूल सहभागी आहे असे आपण धरून चालतो. ते खरेच सहभागी आहे काय, हे थांबून विचारावे लागते. वाटेत गाडी उभी करावी, त्याला उतरवावे, नदी दाखवावी, हवा गार का झाली ते सांगावे. त्याच्या आठवणीत वेग राहणार नाही; हे थांबे मात्र राहतील.

मूल आपल्या पाठीमागे बसून आणखी एक गोष्ट शिकत असते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गिअरची मोटारसायकल मागू लागतो, तेव्हा आपण त्याला नियम ऐकवितो. अठरा वर्षे पुरी होण्याआधी ती त्याच्या हाती देणे हा पालकाचाच गुन्हा आहे आणि २०१९ पासून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु दुचाकीचा आनंद कशात आहे, याचा धडा त्याने दहा वर्षे आधीच गिरविलेला असतो. वडील वळणावर वेग कमी करतात, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातानाही शिरस्त्राण घालतात, रस्त्यावरच्या म्हशीला हॉर्नने न हाकलता थांबून वाट देतात, हे त्याने पाहिलेले असेल, तर वेग म्हणजेच मजा हे समीकरण त्याच्या मनात सहसा बसत नाही.

आमच्या पिढीने यामाहा आरएक्स १०० आणि म्हैसूरच्या येझदीची स्वप्ने पाहत महाविद्यालयाची वर्षे काढली. आता पन्नाशी ओलांडली आहे. कित्येकांच्या मुलांची शिक्षणे पुरी झाली आहेत आणि घरात पुन्हा एक दणकट दुचाकी आलेली दिसते. ती जरूर चालवावी. निघण्यापूर्वी टायरमधील हवा, साखळीचा ताण, ब्रेक आणि दिवे पाहावेत. या वयात वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि घोटा झाकणारे बूट असावेत. उन्हाळ्यात वाऱ्यामुळे घाम जाणवत नाही, तरी पाणी कमी होतच असते. म्हणून दर पाऊण तासाने थांबून पाणी प्यावे आणि हातांना आलेली बधिरता जाऊ द्यावी. दूरध्वनी बंद करून खिशात ठेवावा आणि त्या दोन तासांपुरते आपले रुग्ण एखाद्या सहकाऱ्याकडे सोपवावेत. उद्या आपणही त्याच्यासाठी तेवढे करावे. आपल्या मंडळाच्या सभासदांनी एकमेकांना दर महिन्यातून एक निवांत पहाट अशी मिळवून दिली, तर त्यातून डॉक्टरांचे आरोग्य सुधारेल आणि त्यांच्या मागे बसणाऱ्या मुलांना ताशी चाळीसच्या वेगातली गंमतही लहानपणीच कळेल.